रॉबरीला मराठीत काय म्हणतात

४ नोव्हेंबर, मंगळवार

एम.ए. आज पहिल्यांदा उपयोगी पडलं. लोखंड ओतण्याच्या या फौंड्रीत लागून दोन महिने झाले आणि आजवर मी फक्त हजेरी आणि ओळखपत्रं केली. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी काळं होतं. डब्यातल्या भातावर पूड बसते. नाक शिंकरलं की रुमाल बघवत नाही. आई म्हणते सवय होईल. मला शिसारी येते, सवय होत नाही.

दुपारी विजयसिंह साहेबांनी बोलावलं. ते आमचे एचआर मॅनेजर. गाडीच्या किल्लीने कान कोरत बसले होते. किल्लीचं टोक बघितलं, पॅंटला पुसलं आणि विचारलं, "मॅडम, चोराला इंग्रजीत काय काय म्हणतात?"

"थीफ," मी म्हटलं.

"ते मला बी येतंय. एम.ए. कशात केलंय तुम्ही? अजून सांगा की."

मग मी सांगत सुटले. थीफ गुपचूप नेतो, मालकाला पत्ता लागत नाही. बर्गलर घर फोडून आत शिरतो. पिकपॉकेट खिसा मारतो, शॉपलिफ्टर दुकानातली वस्तू कपड्यात लपवून नेतो. विश्वासाने हाती दिलेलं गिळतो तो एम्बेझलर. रॉबर तोंडावर नेतो, दमदाटी करून. आणि वापरातला फरक: वस्तू 'स्टील' करतात, पण 'रॉब' माणसाला करतात. म्हणजे पाकीट रॉब झालं असं म्हणायचं नाही, मी रॉब झालो म्हणायचं. पुष्कळ लोक इथंच चुकतात. साहेब लिहून घेत होते. कॉलेज सुटल्यापासून माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

"समजा," ते म्हणाले, "एकानं वस्तू चोरली. गेटवर वॉचमननं धरलं. त्यानं वॉचमनला ढकललं. मग तो कोण?"

"मग रॉबर. जबरदस्ती आली की थेफ्टची रॉबरी होते."

"नुसतं ढकललं तरी?"

"चोरलेलं घेऊन जायला ढकललं, तर हो."

"वा!" ते म्हणाले. "हे सगळं एका कागदावर छान लिहून द्या. उदाहरणासकट."

मी दिलं, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक शब्दाला एक वाक्य. त्यांनी स्पेशल चहा मागवला. कपाच्या कडेला कुणाच्या तरी ओठांचा डाग होता. तरी प्यायले.

केस कुणाची ते विचारलं नाही. असेल कुणी चोर. चोरांची मला किळसच आहे. पाचवीत एका मुलीचं घड्याळ हरवलं तेव्हा बाईंनी सगळ्यात आधी माझं दप्तर उपडं केलं होतं. घड्याळ तिच्या घरातच निघालं. चोर चोरून जातात आणि दप्तरं आमची उपडी होतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

चोर बघितला. साहेबांच्या टेबलावर पुरावा ठेवला होता: बिडाचा तवा, जाडजूड, कडा खरबरीत. दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. एवढ्यासाठी शब्दकोश उघडला होता मी!

माणसाचं नाव कृष्णात. भट्टीवर एकोणीस वर्षं, कायम कामगार, कळंब्याला राहतो. पन्नाशीचा असेल. हातावर भाजल्याचे पांढरे ठिपके. शनिवारी शिफ्ट सुटताना त्याच्या पिशवीत तवा मिळाला. मला वाटलं रडेल, पाया पडेल. तो सरळ उभा होता.

"उरल्याला लोखंडाचा रस जमिनीवरच वततात की साहेब," तो म्हणाला. "साच्यात वतला, तवा झाला. वीस वर्सं समदी वततात. सुपरवायझरला इचारून वतला."

"कंपनीचं बीड म्हणजे कंपनीचं बीड."

"तुमच्या घरातला तवा बी मीच वतलाय, साहेब. दिवाळीला. वैनींना जड हुतोय म्हनून दुसरा पातळ करून दिला."

साहेब हसले. खूप वेळ हसले. मग म्हणाले, "जावा. कामावर येऊ नका, कळवतो."

निर्लज्ज वाटला मला. पकडल्यावर साहेबांचं नाव काढतो. आणि हे नाव मला ओळखीचं होतं. लागल्यावर मी पहिली फाईल लावली ती अपघाताची. कंत्राटावरच्या एका कामगाराच्या पायावर तापलेला रस उडाला होता. पायाचे गार्ड दिले होते, त्यानंच घातले नाहीत, असं सगळ्यांनी लिहून दिलं होतं. कृष्णातने तेवढं वेगळं लिहिलं होतं: "गार्ड दिलेच नव्हते." सही ठसठशीत. काही माणसं सगळीकडे आडवीच चालतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आरोपपत्र मी टाईप केलं. मजकूर साहेबांनी सांगितला, इंग्रजी मी नीट केलं. तिसऱ्या परिच्छेदात आलं: वॉचमन राजवीरने अडवलं असता कामगाराने त्याला जोरात ढकललं आणि माल घेऊन पळण्याचा प्रयत्न केला. म्हणून रॉबरी.

मी थांबले. गेटच्या रजिस्टरची नोंद मीच बुधवारी फायलीला लावली होती. त्यात राजवीरने लिहिलं होतं: "पिशवी बघितली. तवा स्वतः काढून दिला." ढकलल्याचं अक्षर नाही.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "काल आठवलं त्याला. मार लागला की माणूस गांगरतोय, मॅडम."

"पण रजिस्टरला—"

"तुम्ही टायपिंग करा."

केलं. 'रॉबरी'चं स्पेलिंग दोनदा तपासलं.

मंगळवारी त्यांनी मला विचारलं होतं, ढकललं तर कोण. आणि राजवीरला आठवलं गुरुवारी. घरी येताना बसमध्ये मी हे वार बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. माझा काहीतरी गैरसमज होत असेल. एवढ्या मोठ्या कंपनीचा मॅनेजर एका तव्यासाठी असलं काही कशाला करेल?

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायला बसले आहे खरी, पण हात धुतले तरी धुतल्यासारखे वाटत नाहीत.

कृष्णातला अकराला बोलावलं होतं. केबिनमध्ये साहेब, तो आणि मी. टेबलावर दोन कागद, दोन्ही इंग्रजी: आरोपपत्र, आणि त्याच्या नावाचा तयार राजीनामा. राजीनामा कुणी टाईप केला माहीत नाही. मी नाही केला.

साहेब म्हणाले, "हे बघा, आत्ता राजीनामा दिला तर विषय संपला. नाही दिला तर हा कागद पोलिसात जातोय. काय लिहिलंय बघा. रॉबरी. रॉबरी म्हणजे दरोडा."

कृष्णातने कागदाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"व्हय काय ओ, बाई? तुमी शिकलाईसा. दरोडा?"

मला माहीत होतं. दरोड्याला इंग्रजीत डकॉइटी म्हणतात आणि त्याला पाच माणसं लागतात. रॉबरी म्हणजे जबरी चोरी. आणि इथं जबरीही नव्हती. हे सगळं मला, आत्ता लिहिते आहे तितकं स्पष्ट, माहीत होतं. साहेब किल्ली बोटात फिरवत होते.

"हो," मी म्हणाले. "तसंच."

"तव्याचा दरोडा?"

मी मान डोलावली.

तो बसला. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाला, "आर्यन भरतीची तयारी करतोय. पोलिसाच्या. रोज पाचला उठून पळतोय पोरगं. बापावर दरोडा लागला तर त्याला घेतील काय?"

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले, एकदम मायेने. "पोराचा विचार करा."

त्याने सही केली. नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. पेन माझं होतं. त्याने ते टोपण लावून मला परत दिलं आणि म्हणाला, "येतो बाई."

तो गेल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं इंग्रजी लई कामाला आलं." ड्रॉवरमधला काजूचा पुडा पुढे केला. आतल्या काजूंना त्यांच्या बोटांची ओल होती. मी एक घेतला. घेतला! बायकांच्या संडासात जाऊन ओकले. तिथं पाणी नव्हतं.

१२ नोव्हेंबर

जेवण जात नाही. आईला पित्त सांगितलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज फौंड्रीची आठवड्याची सुट्टी. कळंब्याला जाऊन आले. पत्ता ओळखपत्राच्या फायलीतून घेतला होता, म्हणजे कंपनीचा कागद न विचारता बघितला. याला कुठला शब्द ते मी बघितलं नाही.

दोन खोल्या, दारात म्हैस, पत्र्याखाली सायकल. कृष्णात कडबा कापत होता. मला बघून उठला, खुर्ची आणली, ती खांद्यावरच्या टॉवेलने पुसली. त्याची बायको शालूबाई दारात उभी राहिली. आर्यन मैदानावर गेला होता.

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. रॉबरी म्हणजे दरोडा नव्हे. तुम्ही केलं त्याला रॉबरी म्हणता येत नाही. राजवीरने रजिस्टरला ढकलल्याचं लिहिलेलं नाही. मला हे तेव्हाच माहीत होतं.

शालूबाईंनी विचारलं, "म्हाइत हुतं तर तितंच का बोलला न्हाईसा? जीभ धरल्याली काय कुणी?"

"नाही."

"मग?"

मग काय सांगणार? नोकरी नवी होती? साहेब बघत होते? मी म्हटलं, "घाबरले."

"तुमी घाबरलासा," त्या म्हणाल्या, "आनि ह्यो मानूस आठ दिस झालं घराभाईर पडंना. पोराला सांगिटलंय, कंपनी बंद पडली. गल्लीतलं कोन दारात आलं की तोंड लपवतोय, दरोडा घातल्यागत. त्येला वाटतंय पोलिस येतील. तुमच्या तोंडचा शब्द हाय त्यो, बाई. ह्यांनी त्या साहेबाचं ऐकलं नसतं. तुमचं ऐकलं."

त्यांनी पाणी विचारलं नाही. मला बरं वाटलं. दिलं असतं तर मला पिता आलं नसतं.

कृष्णातने एकच विचारलं. "बाई, मग मी केलं त्येला काय म्हंत्यात? इंग्रजीत?"

सांडणार होतं ते साच्यात ओतलं, विचारून ओतलं, पिशवीत घालून उघडपणे गेटवर आणलं. मी आठवत राहिले. एक शब्द आठवला नाही. चोराला चौदा शब्द येतात मला, आणि याला एक नाही.

"हे लिहून देशीला?" तो म्हणाला. "आमच्यातल्या एका पोरीनं वकिलीण बघून दिलीया. वकिलीण म्हंती, साक्षीला कोन तरी पायजे."

"विचार करून सांगतो," मी म्हटलं.

शालूबाई हसल्या. तसलं हसणं माझ्या तोंडावर कुणी हसलं नव्हतं.

कात्यायनीच्या देवळाकडून उसाचे ट्रॅक्टर येत होते, रस्ता तुंबला होता. रिक्षात बसून मी स्वतःशी वाद घालत होते आणि हरत होते. विचार करून सांगतो! काय विचार करायचा होता?

२० नोव्हेंबर, गुरुवार

आईला सगळं सांगितलं. ती दवाखान्यात आया आहे. सुजलेले पाय घेऊन आली होती, त्यावर गरम पाणी ओतत मी सांगितलं. पहिल्यांदा म्हणाली तेच, जे मला हवं होतं: "तू कशाला मधी पडतीस? त्येंचं त्येंनी बघतील. न्हाईतर तुलाच काढतील."

मी म्हटलं, "बरं."

ती पाय चोळत राहिली. पाणी गार झालं. म्हणाली, "त्या मानसानं तुझ्याकडं बघून इचारलं, व्हय?"

"हो."

"साहेबाकडं बघून न्हाई?"

"नाही."

"मग लिही. आनि मराठीत लिही. त्येला वाचाय आलं पायजे."

लिहिलं. इंग्रजीत अर्ध्या तासात झालं असतं. मराठीत तीन कागद फाडले. शेवटी एवढंच राहिलं: 'अकरा नोव्हेंबरला मी दुभाषी म्हणून हजर होते. कृष्णात यांनी मला शब्दाचा अर्थ विचारला. मी जाणूनबुजून चुकीचा अर्थ सांगितला. तो अर्थ ऐकून त्यांनी राजीनाम्यावर सही केली. गेटच्या रजिस्टरमध्ये ढकलल्याची नोंद नाही, ते मी स्वतः वाचलं आहे.' 'जाणूनबुजून' हा शब्द दोनदा खोडला आणि परत लिहिला.

कृष्णातच्या वकीलबाई निशिगंधा यांच्याकडे नेऊन दिलं. माझ्याच वयाच्या आहेत. वाचून म्हणाल्या, "याचा परिणाम माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. या वेळचं हो खरं होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काढलं.

साहेबांनी उभं ठेवलं. टेबलावर माझाच कागद ठेवला, चार तारखेचा, शब्दांची यादी. "अक्षर कुणाचं?"

"माझं."

"रॉबरी शब्द कुणी दिला? मी दिला? ढकललं की रॉबरी, हे कुणी शिकवलं मला?"

"मी."

"मग चोर कोण?" किल्ली परत कानात गेली. "तुमच्यासारख्यांना आत घ्यायचं, खुर्चीवर बसवायचं, आणि तुम्ही आमच्यावरच कागद करायचे."

तुमच्यासारख्यांना. मी विचारलं नाही, कुणासारख्यांना. त्यांच्या किल्लीला पिवळा मळ होता आणि मी तेवढंच बघत होते.

गेटवर राजवीरने बॅग उघडायला सांगितली. डबा, छत्री, पाण्याची बाटली, सगळं बाकड्यावर काढलं. तो चेन लावताना खाली बघून म्हणाला, "मॅडम, माझ्याकडनं बी लिहून घेतलंय. त्यानं ढकललं न्हवतं. हातात दिला हुता तवा."

"मग हे सांगशील का तिथं येऊन?"

"एजन्सीवाला मला काढंल की. दोन पोरी हाईत."

त्याची किळस आली. घाबरट, मिंधा, असे शब्द मनात आले. बसस्टॉपवर पोचेपर्यंत ते शब्द कुणाला लावावेत ते कळेनासं झालं.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज कामगार कार्यालयात तडजोडीची बैठक होती. जे झालं ते क्रमाने लिहिते.

एका बाजूला विजयसिंह साहेब आणि कंपनीचे वकील. दुसऱ्या बाजूला कृष्णात, शालूबाई, वकीलबाई, आणि टोकाला मी. कृष्णातने पांढरा शर्ट घातला होता, घड्या न मोडलेला. मध्ये अधिकारी बाई. त्यांनी माझा कागद वाचला, रजिस्टरची प्रत मागितली, मग कंपनीच्या वकिलांना म्हणाल्या, "हे पुढं गेलं तर तुम्हालाच जड जाईल. बघा काय करायचं."

ते दोघे बाहेर जाऊन बोलून आले. आल्यावर वकील एकदम गोड. म्हणाले, "कंपनीचं मन मोठं आहे. रॉबरी मागं. थेफ्टसुद्धा मागं. राजीनामा रद्द. येत्या मंगळवारी कामावर या. फक्त एक वॉर्निंग लेटर स्वीकारायचं. कुठल्याही कंपनीत असतं तसं."

शालूबाईंनी तोंडावर पदर घेतला. त्या रडत होत्या. वकीलबाईंनी पत्र वाचलं आणि कृष्णातला मान डोलावून खूण केली. साहेबांनी स्वतःचं पेन पुढे सरकवलं.

कृष्णातने पेन घेतलं. पत्र या वेळी मराठीत होतं, तो बोट ठेवून एकेक ओळ खाली आला. मराठी अक्षरात लिहिलेल्या एका इंग्रजी शब्दावर थांबला. मान वर केली, वकीलबाईंना ओलांडून माझ्याकडे बघितलं.

"बाई, ह्यो कसला शब्द?"

पिल्फरेज.

हा मी साहेबांना दिलेला नव्हता. त्यांनी आपला आपण शोधला होता.

"किरकोळ शब्द आहे हो," कंपनीचे वकील म्हणाले. "ऑफिसच्या भाषेतला."

वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेचा अर्थ मला कळला. एक गुळमुळीत शब्द हवा होता. 'उचल', 'नियमभंग', काहीही. एक शब्द, आणि तो मंगळवारी भट्टीवर. साहेबही बघत होते, ओठ किंचित वर. शालूबाई डोळे पुसत होत्या.

मी म्हणाले, "चोरी, काका. कामाच्या जागची, बारीकसारीक. बारीक म्हणून शिक्षा नाही, पोलिस येणार नाहीत, आर्यनला काही होणार नाही, नोकरी मिळेल. पण अर्थ चोरीच. तुमच्या फायलीत तुम्ही चोर राहणार."

त्याने बोट त्या शब्दावरच ठेवलं.

"चोरीच न्हवं?"

"हो."

त्याने पेनला टोपण लावलं. साहेबांसमोर ठेवलं. "मग न्हाय," तो म्हणाला.

वकीलबाई त्याच्या कानाशी लागल्या. नंतर कितीही वर्षं लागतील, कोर्टात काय होईल सांगता येत नाही, असं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग अधिकारी बाईंना म्हणाला, "त्यो शब्द काढा. दुसरं काय बी लिवा. सुपरवायझरला न इचारता तवा वतला लिवा, ते बी खोटं हाय, पर त्यावर सही करतो. त्या शब्दावर न्हाय."

कंपनीने शब्द काढला नाही. साहेब म्हणाले, तेवढा तर राहिलाच पाहिजे. मला अपघाताच्या फायलीतली कृष्णातची ठसठशीत सही आठवली. पुढची तारीख पडली, तेरा जानेवारी.

बाहेर पायऱ्यांवर शालूबाईंनी मला गाठलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या टायमाला खोटं सांगिटलासा आनि ह्येंची नोकरी गेली," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगिटलासा आनि परत गेली. तुमी आमच्या घरात आलासाच कशाला, बाई?"

त्या दिवशी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. आज जे केलं ते बरोबर होतं का, ते माहीत नाही. घशातला कडूपणा तोच आहे, आणि आज मी खोटं बोललेले नाही.

"गप गं," कृष्णात मागून आला. "सही माझी हुती." त्याने गाडीला किक मारली, ती लागली नाही, परत मारली. शालूबाई पदर खोचून मागे बसल्या, माझ्याकडे न बघता. गाडी सुरू झाल्यावर तो म्हणाला, "तेराला परत कायतरी नवा शब्द काढतील. येशीला न्हवं?"

"येतो, काका," मी म्हटलं.